चातुर्मासात सोडलेलं तिखट

माय, आज विद्यापीठात माझा निरोप समारंभ झाला. कुलगुरूपदाची मुदत संपली. शाल, श्रीफळ, भाषणं, सगळं यथासांग पार पडलं. जेवणात हिरव्या मिरचीचा ठेचा होता आणि मी तो नेहमीसारखा ताटाच्या कडेला सारला. शेजारी बसलेल्या प्राध्यापकांनी विचारलं, "मॅडम, वऱ्हाडच्या असून तिखट नाही?" मी नुसती हसले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हासून काय टाळतं वं, सांगून टाक ना." घरी आले, लुगडं न बदलताच लिहायला बसले. तू गेलीस त्या वयाच्या पुढे मी कधीच निघून आले आहे, तरी तुझ्याशी बोलायचं म्हटलं की मी अजून वेणी घातलेली पोरगीच असते.

अकोल्याचं आपलं स्वयंपाकघर डोळ्यांपुढून हलत नाही. तू अंजनगाव सुर्जीकडची, शेतकऱ्याच्या घरची, तिखटावर वाढलेली. बाबा शाळामास्तर, जिभेला जपणारे. तूच त्यांना तिखट खायला शिकवलंस, असं ते कौतुकाने सांगायचे. आणि तुझी ती मिसरी! चुलीवर तवा ठेवून तू तंबाखू काळी होईपर्यंत भाजते आहेस, घरभर धूर झालाय, मी ठसकत अंगणात पळते आहे आणि तू आतून ओरडते आहेस, "फोडणीचा धूर चालते तुले, मिसरीचा नाही चालत?" ती पूड सकाळी दातांना, दुपारी दातांना, आणि दाढ ठणकली की जरा जास्त. दाढ खरंच बधिर व्हायची, म्हणून मिसरी हे आपल्याकडे औषधच होतं. आळीतल्या बायका तुझ्या डबीतली चिमूट हक्काने मागून न्यायच्या. त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं, मलाही नाही.

त्या वर्षी मी अमरावतीला, बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते, मुलींच्या वसतिगृहात राहत होते. नात्यात इतकं शिकणारी मी पहिलीच मुलगी. बाबांनी परवानगी दिली होती, पण घरात काही अडचण आली की परत यायचं, या बोलीवर. दोन धाकट्या भावांच्या जेवणाखाण्याला तू उभी होतीस, म्हणून मी कॉलेजात होते. आषाढी एकादशीला मी घरी आले, तर तू चातुर्मासासाठी तिखट सोडलेलं. कुणी वांगं सोडतं, कुणी कांदा-लसूण सोडतं, पण वऱ्हाडातल्या बाईने तिखट सोडलेलं कुणी ऐकलं नव्हतं. बाबा म्हणाले, "सोडायचंच होतं तर ती मिसरी सोडायची." तू म्हणालीस, "मिसरी सोडली त माहा जीव जाईन." आम्ही सगळे हसलो. पुढे चार महिने तू दुधात भाकर कुस्करून खाल्लीस. माझ्या परीक्षेसाठी तू हे व्रत धरलं आहेस, असं बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत आणि आळीतल्या बायका तुझ्या पाया पडत. मलाही इतका अभिमान वाटला की वसतिगृहात मी ते सगळ्यांना सांगत सुटले.

मग दिवाळीची सुटी. कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी तुझं व्रत सुटायचं होतं. जे सोडलं ते आधी सवाष्णीला द्यायचं आणि मग आपण खायचं, ही रीत. शेजारच्या काकूंना तू खण आणि ताटलीभर लाल मिरच्या दिल्यास, तेव्हा त्या बिचाऱ्यांना हसू आवरेना. ठेचा मी केला. मिरच्या तव्यावर भाजून, लसूण घालून, वरून जवसाचं कच्चं तेल सोडून, अगदी तुझ्यासारखा. भाकरीचा पहिला घास मीच तुला भरवते आहे. तू तोंड उघडतेस, पण ते पुरतं उघडत नाही. घास कसाबसा आत जातो. तुझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहतं आणि बाबा म्हणतात, "बघा, चार महिन्यांत सवय मोडली." तू तो घास थुंकला नाहीस. गिळलास, उठलीस, न्हाणीत गेलीस आणि तोंडात पाणी धरून भिंतीला टेकून उभी राहिलीस. मी मागोमाग आले. तुझी हनुवटी धरून मी तुझं तोंड उजेडाकडे वळवलं. गालाच्या आत चिंचोक्याएवढी जखम होती, कडा वर आलेली, कडक. तू माझा हात घट्ट धरलास. "कोणाले सांगू नको. तुही परीक्षा होऊ दे." मी तिथूनच बाबांना हाक मारली.

अकोल्याच्या डॉक्टरांनी पाहिलं, मग मुंबईच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर बाबांना बाजूला घेऊन एवढंच म्हणाले की आषाढात आणायला हवं होतं. परतताना गाडीत मी तुझ्यावर चिडले, माय. इतकं दुखत होतं तर बोलली का नाहीस, म्हणून भरल्या डब्यात रडले. तुला तेव्हा अजून बोलता येत होतं. पदराआडून तू म्हणालीस, "दुखते म्हटलं असतं त तुले बोलावून घेतलं असतं घरी. वरत हाये म्हटलं का कोणी काही इचारत नाही." पुढच्या आषाढीपर्यंत तू राहिली नाहीस. मी पास झाल्याचं तुला कळलं होतं. तू माझ्या गालावरून हात फिरवलास, बोलणं तेव्हा सरलं होतं.

मी पुढे काय केलं ते तुला ठाऊक नाही. बाबांनी मला परत बोलावलं नाही. स्वतः चूल पेटवली, पोरांना जेवू घातलं. मी आधी नागपूरला, मग मुंबईला गेले आणि सूक्ष्मदर्शकाखाली तोंडाच्या कर्करोगाच्या पेशी बघत बसले. काही वर्षांनी आमची तुकडी वऱ्हाडातल्या गावांत तोंडाच्या तपासणीला आली. आमचे साहेब बायकांना विचारत, "तोंडात दुखतं का?" एकजात सगळ्या नाही म्हणायच्या आणि पदर ओढून घ्यायच्या. मोर्शीजवळच्या एका गावात मी पुढे झाले आणि म्हटलं, "मावशी, यंदा चातुर्मासात काय सोडलं?" बाई म्हणाली, "तिखट सोडलं बाप्पा." मी विजेरी काढली. गालाच्या आत पांढरा चट्टा होता, अजून जखम झालेली नव्हती. ती बाई वाचली, माय. तिच्या मुलीने संत्र्यांची टोपली आणून दिली, आणि ती संत्री सोलताना मी हमसून हमसून रडले. साहेब मग तोच प्रश्न सगळीकडे विचारायला लागले. त्यावर माझं नाव झालं. प्रश्न तुझा होता.

पण ते काम माझ्याने शेवटपर्यंत झालं नाही. कित्येक वर्षांनी तुझ्या माहेरी, अंजनगावला शिबिर होतं. तुझ्यासारख्याच जिवणीची एक बाई समोर बसली. तिला तोंड पुरतं उघडता येईना. आधी का नाही आलीस म्हटलं, तर म्हणाली, "पोरीचं लगन निपटल्यावर येणार व्हती." तिच्या तोंडात मला बघवेना, विजेरी मी सोबतच्या डॉक्टरांच्या हातात दिली. त्यानंतर प्रत्येक तोंड तुझंच दिसायला लागलं. तेवढ्यात विद्यापीठातलं पद चालून आलं आणि मी ते दोन्ही हातांनी घेतलं. मग खुर्च्या मोठ्या होत गेल्या. कॉलेजं उघडली, मुलींची वसतिगृहं बांधली, ते सगळं खरं आहे. त्याची मला लाज नाही.

आज प्रत्येक वक्त्याने सांगितलं की मॅडमनी समाजासाठी आपल्या संशोधनाचा त्याग केला. टाळ्या पडल्या. दोन मुली पाया पडायला आल्या, आळीतल्या बायका तुझ्या पाया पडायच्या तशाच. मला वाटलं, उठावं आणि सांगावं की बाई गं, हा त्याग नव्हे, मला दुखत होतं. नाही सांगितलं. श्रीफळ मांडीवर धरून बसून राहिले. कुणी काही विचारलं नाही, आणि मला बरं वाटलं.