वाण ठरता ठरता

१२ जून
आजपासून रोजनिशी. मुदतीआधी निवृत्ती घेऊन बेचाळीस दिवस झाले. पाठ दुखते. नकाशा विभागात तीस वर्षं वाकून काढली, त्याचं बक्षीस. घरामागची रिकामी जागा बघत चहा घेतला. निर्णय झाला: फळबाग. पाच झाडं. संत्रं-मोसंबीच्या कुळातली. तीन वर्षांत फळ. घाई नाही. अभ्यास करून लावायची.
हिला सांगितलं. नुकतीच हॉस्पिटलच्या लॅबमधून आली होती. म्हणाली, बरं. उत्साह थोडा कमी वाटला. दमली असेल.

१९ जून
एक्सेल शीट तयार. सदतीस वाण. गोडी, रस, बिया, साल, रोग, प्रत्येकाला दहापैकी गुण. पहिल्या नंबरावर अकरा वाण. गुणपद्धत बदलावी लागेल.

२४ जून
नुसता वाण ठरवून भागत नाही, असं आज कळलं. खालचा खुंटही ठरवावा लागतो. मुळं एका झाडाची, त्यावर डोळा, म्हणजे कोंब, भरायचा दुसऱ्याचा. खालचं राबतं, वरचं नाव कमावतं. खुंटाचे गुण वर उतरतात म्हणे. वाण नाही पण गुण लागतो, असं जेवताना हिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, आपल्याकडे सव्वीस वर्षं तेच चाललंय. आमच्यात खुंट कोण, ते विचारलं नाही.
शीटमध्ये चार खुंट वाढवले. सदतीस गुणिले चार. कॉम्प्युटर हँग.

२ जुलै
नर्सरीत गेलो. मालकीणबाई साठीच्या. हातात कायम एक छोटा चाकू. प्रिंटआउट पुढे केला. तो न वाचता त्यांनी माती विचारली. काळी, चिकट, पाणी धरून ठेवते, असं सांगितलं. म्हणाल्या, मग जंबेरीवरची मोसंबी न्या, पाच. जंबेरी म्हणजे रानटी, खडबडीत, आंबट लिंबू. खायला कामाचं नाही, खुंट म्हणून दणकट. एवढं बोलून दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळल्या. एकशे अठ्ठेचाळीस पर्याय अर्ध्या मिनिटात निकालात! अत्यंत अशास्त्रीय. रिकाम्या हाती घरी.

३० जुलै
चौथी फेरी. बाई आता लांबूनच विचारतात, या साहेब, ठरलं का? ओळख वाढते आहे. आदरही.

१४ ऑगस्ट
सर्व बाजूंनी विचार करून, कोणाच्याही दबावाशिवाय निर्णय घेतला. जंबेरी खुंटावर मोसंबी, पाच. बाई म्हणाल्या, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. योगायोग.
पिशव्या गाडीत ठेवताना त्या कलमाच्या जोडावर गुंडाळलेल्या टेपबद्दल काहीतरी दोनदा बजावत होत्या. टेपच्या खालून काही फुटलं तर, वगैरे. माझं लक्ष पिशव्या आडव्या होऊ नयेत याकडे होतं. हो म्हटलं.
हिला सुट्टी होती. खड्डे तिने खणले. मी दोरी धरली. ओळ अगदी सरळ आली आहे.

२६ ऑगस्ट
हिला बढतीचं पत्र. दुसऱ्या शहरात, लॅबची प्रमुख म्हणून. क्वार्टर मिळेल. महिनाअखेर कळवायचं. मी अजिबात दबाव आणला नाही. फक्त झाडांना पाणी कोण घालणार, एवढं विचारलं. म्हणाली, तुम्हीही चला, पाण्याला माणूस ठेवू. कलमं म्हणजे तान्ही मुलं, अशी भाड्याच्या माणसावर सोडता येत नाहीत, असं म्हटलं. तीन वर्षांचा तर प्रश्न आहे. एकदा झाडं लागती झाली की कुठेही जाऊ.

३१ ऑगस्ट
तिने नकार कळवला. पूर्णपणे स्वतःहून. डबा अर्धा भरलेलाच परत आला होता. भूक नव्हती म्हणे.

२२ नोव्हेंबर
पाहणी केली. टेपच्या वरची फांदी मरगळलेली, चार पानं. टेपच्या खालून मात्र जोमदार फुटवे, हिरवेगार, वीतभर. आता ऑफिसात इतकी वर्षं काय शिकलो? कामचुकाराला पोसायचं नाही. वरची मरगळ कात्रीने साफ, जोमदार फुटवे ठेवले. पाचही झाडांना एकच न्याय. पाठ दुखली, पण समाधान आहे.

९ फेब्रुवारी
माझ्या छाटणीचा परिणाम थक्क करणारा. कमरेएवढी झाडं! या विषयावर एक पुस्तिका लिहावी असं वाटतं. दोन पानं लिहिली. उरलेली उद्या.

१७ जून
दुसरं वर्ष. झाडं डोक्यावर. काटेही बोटभर. कपडे वाळत घालताना हिच्या दंडावर ओरखडा आला. म्हणाली, मोसंबीला इतके काटे असतात? लहानपणीचे काटे आहेत, वयात आल्यावर जातात, असं सांगितलं. तिने एक पान तोडलं, उलटं करून पाहिलं, चुरगाळून वास घेतला. लॅबमध्ये दिवसभर काचपट्ट्या बघण्याची सवय. काही बोलली नाही. पटलं असावं.
पुस्तिका: अजून दोनच पानं.

५ नोव्हेंबर
हिला पुन्हा तेच पत्र. जो प्रमुख नेमला होता तो सोडून गेला. या वेळी तिने विचारलं नाही, सांगितलं. जानेवारीत जाते. म्हटलं, अगं, झाडं आत्ता कुठे… ती म्हणाली, झाडांचं बघा तुम्ही. आवाज चढलेला नव्हता. चढला असता तर मला काही बोलता आलं असतं.

४ जानेवारी
ही गेली. भाताला पाणी किती, वॉशिंग मशीनचं कोणतं बटण, गॅसवाल्याचा नंबर, सगळं कागदावर लिहून फ्रीजला लावलं आहे. मला या सगळ्याची गरज नाही, पण कागद राहू दिला.
संकल्प: रोज पाचला उठणे. स्वयंपाक स्वतः. पुस्तिका मार्चपर्यंत पूर्ण.

११ जानेवारी
ब्रेड.

२६ फेब्रुवारी
फुलं आली!! तिसरं वर्ष लागायच्या आत. जगात असं कुठे झालं नसेल. हिला फोटो पाठवला. उत्तर आलं, झाड छान वाढलंय. मोसंबीबद्दल एक शब्द नाही. कामात असेल.

१९ मे
चार आठवड्यांत ही एकदाही आली नाही. तिच्या हाताखाली नऊ माणसं आहेत. फोनवर नव्या मशीनबद्दल वीस मिनिटं बोलली. हिला इतकं बोलता येतं हे माहीत नव्हतं. मीही बोललो असतो, पण झाडं वाढतात, यापलीकडे त्यांचं सांगण्यासारखं काही घडत नाही.
पाठ दुखते. घरात फार शांत.

८ ऑगस्ट
फळं मुठीएवढी. साल जाड, खडबडीत, गाठीगाठींची. प्रथम जरा धक्का बसला. मग लक्षात आलं, की माझ्या पद्धतीने बहुधा नवाच वाण तयार झाला आहे. नाव काय द्यावं? हिचं देता येईल. तिला बरं वाटेल.
एक चाखलं. अजून कच्चं असावं. दुपारपर्यंत दात आंबले होते.

१० ऑगस्ट
पिशवीत चार फळं घेऊन नर्सरीत. नव्या वाणाबद्दल बाईंना सावकाश, टप्प्याटप्प्याने सांगणार होतो. त्यांनी एक फळ हातात घेतलं, चाकूने कापलं, वास घेतला आणि म्हणाल्या, साहेब, ही जंबेरी आहे. शक्यच नाही म्हटलं. त्या चपला घालून निघाल्या.
घरी येऊन पहिल्या झाडापाशी खाली बसल्या. बुंध्यावरची जुनी टेप, तिच्यावर एक वाळकं थोटूक. विचारलं, हे कोणी कापलं? म्हटलं, मी. पाचही? पाचही. त्यांनी त्या थोटकावर बोट ठेवलं. मग म्हणाल्या, मोसंबी ती होती हो. चार पानांची.
हसल्या असत्या तर बरं झालं असतं.

११ ऑगस्ट
दिवसभर घरात. पुस्तिकेची दोन पानं फाडली.

१२ ऑगस्ट
हिला फोन केला. सांगायचं नाही असं ठरवलं होतं, पहिल्या वाक्यालाच सांगितलं. बागेत एकही मोसंबी नाही, सगळे खुंट आहेत. ती म्हणाली, माहीत आहे. केव्हापासून? गेल्या वर्षीच्या जूनपासून. पानावरून कळलं, वाचनालयात जाऊन खात्रीही केली होती.
मग बोलली का नाहीस? म्हणाली, नोकरी सोडल्यावर तुम्ही सकाळी नऊ-नऊ वाजेपर्यंत पडून असायचात. झाडं आल्यावर सहाला उठायला लागलात. म्हटलं, उठतायत तर उठू देत.
फोन ठेवल्यावर हिशेब लागला. नोव्हेंबरात दुसरं पत्र आलं तेव्हा तिला हे माहीत होतं. त्या झाडांना तीन वर्षांनी काय, तीस वर्षांनीही मोसंबी लागणार नव्हती. म्हणून गेली. आणि पहिल्या पत्राच्या वेळी मात्र वरची चार पानं जिवंत होती. तेव्हा ती राहिली होती.
हे आज दोनदा वाचलं. खोडलं नाही.

१५ ऑगस्ट
बाई स्वतःहून आल्या. म्हणाल्या, मुळं जोरात आहेत, हळहळण्यासारखं काही नाही. बुंधे खाली छाटू, नव्या फुटीवर पुन्हा डोळे भरू. मी येऊन भरीन. पण टेपच्या खाली कात्री कोण लावणार, ते आधी ठरवा. म्हटलं, तुम्हीच लावा. मी जातोय. हे मला तोंडातून निघाल्यावर कळलं.
वाण कोणता भरायचा, असं त्यांनी विचारलं. म्हटलं, तुम्हाला योग्य वाटेल तो. म्हणाल्या, ताप-बीप नाही ना?

२ सप्टेंबर
हिच्याकडे पोचलो. दुसरा मजला, दोन खोल्या. खिडकीसमोर हॉस्पिटलची भिंत. कुठेही माती नाही. ती कामावर होती, किल्ली वॉचमनकडे ठेवली होती. बॅग उघडली, पुन्हा बंद केली. भात लावला. पाणी जास्त झालं.
सातला ती आली. दार मी उघडलं. पर्स ठेवून तशीच खुर्चीत बसली, पाय सुजलेले. गिळगिळीत भात खाल्ला, दुसऱ्यांदा घेतला. मग विचारलं, दिवसभर काय केलंत?
एरवी सांगण्यासारखं बरंच सुचलं असतं. म्हटलं, काही नाही.
बरं झालं, म्हणाली, आणि खुर्चीतच तिला झोप लागली.