खंडेनवमीला ओढलेला प्लग

बाबा, तुमच्या भुवईवरची ती खूण मी केली होती. तुम्ही पायवाटेवर घसरलात असं आईने वाडीभर सांगितलं आणि तुम्हीही मान डोलावलीत. तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी खंडेनवमी आली की मी काहीतरी निमित्त काढते आणि पूजेला बसत नाही.

तुम्ही मारकुटे होतात, हे आधी लिहिते. बैल अडला की काठी, आईने उलट उत्तर दिलं की लाथ, आणि माझ्यासाठी गुरांचं दावं. महाडला कॉम्प्युटरच्या क्लासला जाते म्हणाले, तेव्हाचे वळ आठवडाभर पाठीवर होते. तरी मी गेलेच. मग एक जुना कॉम्प्युटर उमरठच्या वर आपल्या वाडीत आणला, कणगीशेजारी मांडला आणि पोलादपूरच्या एका शाळेचे सहामाहीचे पेपर टाइप करायला बसले. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. जमलं तर पुढचं काम मिळणार होतं, नाही तर तुम्ही ठरवलेल्या माणसाच्या गळ्यात माळ.

नवमीला सकाळी कॉम्प्युटर चालू ठेवून मी पाण्याला गेले. परत येते तर कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पाटावर धुऊन मांडलेले, कॉम्प्युटरच्या काळ्या पडद्यावर हळदकुंकवाची बोटं, वर झेंडूचं फूल आणि प्लग तुमच्या हातात.

"हत्यार हाय ना ते तुझं? मग आज थंड नको ठेवाय? चालू हत्यार कोण पूजतं गो?"

मी प्लग परत लावून बटण दाबलं. फाइल सापडत नाही, अशी एक पांढरी ओळ आली आणि पुढे काहीच नाही. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. मग मी कीबोर्ड उचलला आणि तुमच्या तोंडावर हाणला. एकदा नाही. बटणं चुलीपर्यंत उडाली, भुवई फुटली, रक्त पाटावरच्या कोयत्यावर सांडलं. आई मध्ये पडली, तिलाही माझं कोपर बसलं. इतक्या वर्षांचं सगळं मी परत देत होते. आणि तुम्ही हात उचलला नाहीत. भिंतीला टेकून "चुकलं गो माझं, चुकलं" म्हणत राहिलात. त्याने मला जास्तच चेव आला, म्हणून आणखी मारलं.

दुसऱ्या दिवशी गोणपाटात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा डबा डोक्यावर घेऊन, कपाळाला आईच्या लुगड्याची चिंधी बांधून तुम्ही माझ्या पुढे डोंगर उतरताय. उमरठहून जीप, पोलादपूरहून एसटी. महाडचा दुरुस्तीवाला दसरा असूनही शटर अर्धं वर करतो. तुम्ही आत येत नाही. हात लागून आणखी काही मोडेल म्हणून पायरीवरच बसता. तो फ्लॉपी घालतो आणि पडद्यावरची फाइलींची नावं वाचत खाली सरकतो.

"प्लग ओढला तर एखादी फाइल खराब होते. इथे तर विंडोजच्या वीसेक फाइली जागेवरच नाहीत. कोणीतरी हाताने पुसल्यात. सीडीवरून परत टाकतो. तुझे पेपर शाबूत आहेत."

गेलेल्या फाइलींची त्याने सांगितलेली नावं मी ओळखली. नवमीच्या पहाटे मशीन पेपर साठवायला जागा उरली नाही म्हणत होतं, म्हणून न कळणाऱ्या नावांच्या फाइली मीच निवडून उडवल्या होत्या. चालू होतं तोवर चाललं. बंद कोणीही केलं असतं, तरी ते पुन्हा उठणार नव्हतं.

बाहेर आले तेव्हा तुम्ही विचारलंत, "माझ्या हातानंच मेला व्हता ना गो?"

मी हो म्हणाले.

त्यानंतर तुम्ही कोणावरच हात उचलला नाहीत, आईवरसुद्धा. लग्नाचा विषयही काढला नाहीत. दर खंडेनवमीला फूल घेऊन दारात उभे राहायचात. "निजवलंस का गो त्याला? येऊ का?"

हा कागद पाठवायला पत्ता नाही. उद्याच्या खंडेनवमीला मात्र पूजेला बसेन, हा पाटावर कोयत्याखाली ठेवीन आणि संध्याकाळी चुलीत घालीन. खरं सांगितलं तर दावं परत निघेल, म्हणून मी गप्प राहिले, असं मी स्वतःला समजावत आले. तसं नव्हतं, बाबा. दारातला तुमचा तो भ्यालेला चेहरा मला बघायला आवडायचा.