ओळीच्या शेवटची स्पेस

आर्णी, मंगळवार, संध्याकाळ

चूक सापडली एकदाची! कालपासून माझी टेस्ट फेल होऊन राह्यली होती अन् पुण्याच्या ऑफिसातले सर एकच म्हणत, तुझा कोड चुकला. कुठं चुकला? आमचा प्रोग्राम पावतीच्या ओळीशेवटी एक स्पेस, म्हणजे मोकळी जागा, सोडते, म्हणून टेस्ट ज्या नमुन्याशी पावती जुळवते त्या फाइलमध्येही ती पाहिजे. आज ध्यानात आलं, मी ती टाकते अन् सेव्ह केलं की कोड लिहायचा एडिटर ती झाडून टाकते. ही सफाईची सेटिंग साऱ्या टीमले कोणी लावली? सरांनीच! मी टेस्टच्या फाइली त्यातून वगळल्या. स्पेस टिकली, टेस्ट पास! सरांचा मेसेज आला, "सॉरी, कोड बरोबर होता."

आई आली. "एकटीच कायले हासून राह्यली वं?"

मी तिले ती ओळ दाखवली, शेवटावर बोट ठेवून.

"इथं तं काहीच नाही."

"तेच तं वाचवलं, आई!"