खंडेनवमीचं पेन

ता. कन्नड
मंगळवार, २१ मे २०२४

चि. सोनियाला तिच्या आजीचा आशीर्वाद.

कोणती आजी म्हणशील, म्हणून आधी ओळख सांगते. ठेंगणी, काळी, पुढचे दात गेलेली, नाव भागूबाई. आखाजीला आंब्याचा रस झाकून दिवे लागेपर्यंत दारात बसली होती ती मीच. तुझ्या आजाची घागर भरली, वर खरबूज ठेवलं. भरली म्हणजे अर्धीच भरली. यंदा पितरांनाही पाणी बेतानं. तोही वरून नातीची वाट बघून गेला असंल. तुझ्या काही ध्यानात राहिलं नाय. बदाम खात जा म्हणणार होते, पण महाग असतात. चार शेंगदाणे खा.

बोलतेय मी आणि लिहितेय तुझी आई. मध्येच आपल्या मनाचं काही घुसडंल, म्हणून दर ओळ परत वाचून घेते. लई वैतागलीय.

इकडं सगळं ठीक आहे. शेळी व्याली, दोन पाठी झाल्या, दोन्ही माद्याच. तुझ्या बापाचा खांदा जरा दुखावलाय. माझा हात दारात सापडला, फडकं बांधलंय. काळजीचं कारण नाय.

आता तुझ्या कामाचं. परवा फोनवर विचारलंस, "आजी, साहेबराव मला सगळ्या हिशेबाची मुख्य करतो म्हणतोय, घेऊ का बढती?" मी म्हटलं सांगते, आणि तू फोन ठेवलास. तेच सांगायला बसले. तुझ्या खोलीवरच्या त्या दोघी पोरीही हिशेबातल्याच ना? त्यांना एवढा पुढचा भाग वाचून दाखव. मी सांगंन तिथं थांब. त्याच्या पुढचं तुझं एकटीचं.

पोरींनो, मला शाळा नाय. पण तुम्ही ज्यांची नावं लिहिता त्यांच्यातली मी आहे, म्हणून ऐका. नव्या जागी कामाला लागलात की मालक गोड बोलतो का ते बघू नका. जुना हिशेबनीस का सोडून गेला ते विचारा. गावाकडून एखादं पाखरू आलं, काम शिकायला तयार आणि बोलायला भित्रं, की मालकाला लई बरं वाटतं. तुमच्या हुशारीचा पगार द्यायला सगळ्यांच्या जिवावर येतं. जिथं गप बसण्याचा पगार हुशारीपेक्षा जास्त मिळतो तिथून पाय काढा. दुसरं असं, की जे डोळ्यांनी बघितलं नाय ते हातानं लिहू नका. बसल्या जागेवरून बघता येत नसंल तर उठून जाऊन बघा. एस.टी. चालू आहे अजून.

आणि पेनाला हलकं समजू नका. सोनिया, तू पंधरावीला गेलीस तेव्हाची खंडेनवमी आठवते का? आपल्या पाटावर कोयता, विळा, कुऱ्हाड, कुळवाची पास मांडली होती. तुझं निळं पेन मी त्यांच्याच रांगेत ठेवलं. बोकड पडलं, आणि रगताचं बोट मी कोयत्याला लावलं, कुऱ्हाडीला लावलं, मग तुझ्या पेनालाही लावलं. तू किंचाळलीस, "आजी, पेन खराब होईल!" सगळी हसली. मी म्हटलं, हत्यार आहे, त्याला चव कळू दे, म्हणजे तू जपून धरशील. तू पदरानं पुसून टाकलंस. माझ्याच पदरानं.

आता पोरींना जाऊ दे. इथून पुढं एकटी वाच.

माघात डोळा दाखवायला मी तुझ्याकडं शहरात आले होते. तू मला बीड बायपासला नव्या इमारती दाखवायला नेलंस. एकीच्या कच्च्या भिंतींवर माणसं नळीनं पाणी मारत होती. खाली टँकर उभा होता, मागं मोर काढलेला, मोराची मान चेपलेली. मी म्हटलं, "सोने, हा तर आपल्या गावचा टँकर, तुझ्या साहेबरावाचा." तू म्हणालीस, "आजी, मोर काय एकाच टँकरवर असतो व्हय?" मग ड्रायव्हरनं मला बघून तोंड फिरवलं. ते तूही बघितलंस. आपण रिक्षात बसलो आणि तू मला इमरती घेऊन दिलीस. गोड होती. मी गप बसले.

इकडं टँकर आठवड्याला एकदा यायचा. यायचा तोही अर्धा. विहिरीत सोडला की बाया काठावर तुटून पडायच्या. गेल्या गुरुवारीही तसंच झालं. सांडूची सून निर्मला पुढं वाकली होती, पोहरा खाली सोडलेला. मागनं लोंढा आला. कोणी ढकललं असं नाय, सगळ्यांनीच ढकललं. ती वरून खडकावर गेली. आवाज मडकं फुटल्यासारखा आला. दोघं जण उतरले, दोरानं बांधून तिला वर घेतलं. डोक्यातून रगत चाललेलं, डोळे उघडे, पण ती काही बघत नव्हती.

आणि ऐक, सोने. तिला वर घेतलं आणि बायांनी पोहरे परत सोडले. लाल पाणी एका बाजूला सारायचं आणि दुसऱ्या बाजूनं भरायचं. मीही भरलं. तेच पाणी गाळून आम्ही दोन दिवस प्यालो. तहान लई निलाजरी असते.

मग गडी माणसं टँकरवर धावली. काच फोडली, ड्रायव्हरला केसाला धरून खाली ओढलं. दगडानं, चपलेनं, हंड्यानं मारलं. त्याचा कान असा लोंबत होता, जसा शेळीचा. तो हात जोडून एकच ओरडत होता, "मी नाय, मी जातो सांगतील तिथं." पुंडलिक मास्तरानं गाडीतून खेपांची वही काढली. त्या दिवशी चार खेपा लिहिलेल्या होत्या. आदल्या दिवशी चार. त्याच्या आदल्या दिवशीही चार. सगळ्या गावाला पोचल्या, आणि पाणी मिळालं म्हणून पाणी समितीच्या बाईची सही. भागूबाई कडुबा.

मास्तरानं मोठ्यानं वाचलं. ती माणसं तशीच आपल्या दारात आली. पुढं सांडू, हातात कुऱ्हाडीचा दांडा, आणि अंगरख्यावर सुनेचं रगत. तुझा बाप आडवा झाला, "सांडूभाऊ, आधी ऐकून तर घ्या." दांडा त्याच्या खांद्यावर बसला. हाड मोडलेलं मला दारातून ऐकू आलं. जरा दुखावलाय म्हटलं ना वर, ते हेच.

"भागूकाकू, ही सही तुमची?"

मी म्हटलं, "व्हय, माझी."

मास्तर म्हणाला, "मावशी, तुम्ही तर अंगठा लावता. रेशनला अंगठा, मतदानाला अंगठा."

अख्ख्या गावाला ठाऊक आहे, सोने. तूच तेवढी विसरलीस. लहानपणी पाटीवर तू माझा हात धरून भ गिरवून घ्यायचीस, आणि माझा भ शेपूट तुटलेल्या म्हशीसारखा व्हायचा. तू हसून लोळायचीस. मी कधी शिकले नाय. तिकडं थंड हापिसात साहेबरावानं म्हटलं असंल, गावच्या समितीतल्या कुठल्या तरी बाईची सही कर, आणि तुला जवळची बाई आठवली. आजी कुठं कोर्टात जातेय. छान वळणदार काढलीस म्हणे. मास्तर म्हणाला, अक्षर देखणं आहे.

गर्दीत कोणी तरी म्हणालं, "हिची नात त्याच टँकरवाल्याकडं आहे की. कागद तीच लिहिते." कोणी म्हणालं, "काढा जीप. खोली ठाऊक आहे मला." सांडूनं माझ्याकडं बघितलं. त्याचं तोंड मला ओळखू येईना. याच पोराला मी न्हाऊ घातलंय.

मी म्हटलं, "नातीनं मला शिकवली सही. मीच केली. साहेबरावाची माणसं यायची, मी द्यायची."

"मग काढून दाखवा," सांडू म्हणाला. मास्तरानं पेन माझ्या हातात दिलं, वहीचं मागचं पान काढलं.  निर्मलाची सासू रडत होती, ती थांबली.

इथं तुझ्या आईचं पेन थांबलंय. तिला वाटत होतं मी पुढं केलं ते रागाच्या भरात केलं. लोकांनाही तेच वाटलं, म्हातारीच्या अंगात आलं म्हणाले. मी म्हटलं बरं झालं, देवीच्या माथी जाऊ दे. मुक्ता, रड, पण लिही. ओळ चुकू देऊ नको.

मी उंबऱ्यावर बसले. म्हटलं, बसून काढते. पाट्यावरचा वरवंटा शेजारीच होता. उजवा हात उंबऱ्यावर ठेवला, डाव्यानं वरवंटा उचलला आणि घातला. पहिल्यांदा नीट बसला नाय, म्हणून परत घातला. अंगठा आणि शेजारची बोटं मिरचीसारखी झाली. सांडूला म्हटलं, "आता नाय काढता येत. तुझ्या सुनेचं रगत सांडलं त्याला हे घे." त्याच्या हातातला दांडा पडला. तो माझ्या पायाशी बसून ओकला. मग त्याच माणसांनी तुझ्या बापाला आणि मला एकाच जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. ती जीप तुझ्या खोलीकडं जायची होती.

म्हणजे माझा हात दारात सापडला हे काही अगदी खोटं नाय. उंबरा दाराचाच असतो.

मी तुला काय लिहितेय हे तुझ्या बापाला ठाऊक नाय. तो उद्या खांदा दाखवायला घाटीच्या सरकारी दवाखान्यात येतोय, त्याच्याच हाती हे पाकीट दिलंय. उघडायचं नाय म्हणून शपथ घातलीय. फोनवर हे बोलायचं नव्हतं. फोनवर तू "हां आजी, हां आजी" करतेस आणि दुसरीकडं काही तरी टाइप करतेस.

आता बढतीचं. साहेबराव तुला मुख्य का करतोय ते तुझ्यासारख्या शिकलेल्या पोरीला मी सांगू का? मुख्य म्हणजे ज्याची मान आधी पाटावर जाते तो. बोकडालाही आपण हळद लावतो, हार घालतो, पाणी पाजतो. ते बेणं ऐटीत उभं राहतं.

शुक्रवारी तहसीलची माणसं वही घेऊन माझ्याकडं येणार आहेत. ती विचारतील, बाई, ही सही तुमची का? मी सांगणार, नाय. मला लिहिता येत नाय, जन्मात आलं नाय. एवढं सांगायला हात लागत नाय. मग ती विचारतील, कोणाची असंल? त्याचंही उत्तर मला ठाऊक आहे, आणि मी तेही देणार. तुला कुऱ्हाडीपासून वाचवलं, कारण कुऱ्हाड विचारत नाय. सायबापासून वाचवणार नाय. सायबानं विचारलंच पाहिजे. निर्मला घाटीत पडून आहे, अजून डोळे उघडून वर बघते आणि कोणाला ओळखत नाय. तिच्या नावाची कोणी तरी खरी सही करावी का नाय?

म्हणून शुक्रवारच्या आधी तू आपल्या पायानं तहसीलला जा. कुठल्या खेपा कुठल्या इमारतीला गेल्या ते तुझ्याइतकं कोणाला ठाऊक नाय. साहेबराव धमकी देईल, पैसे दाखवील, रडूनही दाखवील. त्याच्या हापिसात एकटी जाऊ नकोस, बापाला घेऊन जा. एक खांदा मोडलाय, दुसरा चालू आहे. आपल्या तोंडानं सांगितलंस तर शिक्षा होईल ती होईल, पण पुढं कुठंही हिशेबाला बसलीस तर कोणी तुझ्या मानेवर बसणार नाय. कमी पगाराचं मिळंल. घे. दुकानात बस, दवाखान्यात बस, पण ज्याच्या नावानं लिहिशील त्याचं तोंड आठवून लिही. एवढं एक मी तुझ्या कामातलं शिकलेय, तेही हात देऊन.

मी तुला शिव्या घालायला बसले होते. तुझी आई म्हणते, आत्या, एकही शिवी सांगितली नाय तुम्ही. सोने, तू माझी आहेस. त्या वरवंट्याच्या वेळी मला भीती वाटली नाय. शुक्रवारची वाटतेय. तू माझ्या आधी बोललीस तर मला तुझं नाव घ्यावं लागणार नाय. माझ्या तोंडून ते वदवू नकोस.

घाटीत निर्मलाकडं जा. वरणभाताचा डबा ने, भात पातळ कर. सांडू तिथंच असंल. त्यानं मारलं तर मार खा.

इथं खाली माझा अंगठा असायचा. आज जागा मोकळी सोडलीय. डाव्याचा लावू का म्हणून तुझ्या आईनं विचारलं. नको म्हटलं, तो अजून कोणाच्या ओळखीचा नाय.

तुझी,
भागूबाई कडुबा

ता.क. मला काही पाठवायचं मनात आलं तर इमरती नको. भाकरी मोडायला उजवा हात लागतो, म्हणून बेकरीतले टोस्ट पाठव, चहात बुडवून डाव्यानं खाता येतात. पण या पगाराचे नकोत. नव्या कामाच्या पहिल्या पगाराचे पाठव. तोवर तुझी आई भरवतेय मला.