कार्यक्रम संपल्याची सूचना

४ तारीख, सोमवार

आजपासून मी शहराच्या बंदिस्त क्रीडागृहाचा व्यवस्थापक! स्वतंत्र खोली, गरगर फिरणारी खुर्ची आणि हाताखाली माणसं. माणसं कसली, जांभया देणारी फौज. इमारत बाहेरून पालथ्या कढईसारखी दिसते. आत लाकडी मैदान आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेल्या निळ्या खुर्च्या. माणूस उठला की स्प्रिंगने बैठक फटकन वर जाते. या इमारतीत तेवढीच एक गोष्ट वेळेवर हलते. बायकोला म्हटलं, कन्यारत्नाच्या बॅडमिंटनची सोय झाली, आता क्लबवाल्यांचे पाय धरायला नकोत. दहा वर्षांची पोर, पण मनगट काय आहे! शाळा सुटली की थेट इथेच येईल.

५ तारीख, मंगळवार

कचेरीतल्या मंडळींनी इमारतीचा इतिहास ऐकवला. बांधली मुष्टियुद्धासाठी. हौस फिटल्यावर जे मिळेल ते: गाद्यांचं प्रदर्शन, परीक्षा, मतमोजणी, बेसूर गवयांचे जलसे. पुरात अर्धं शहर इथे येऊन राहिलं. पूल पडला तेव्हा प्रेतं याच मैदानावर मांडली, आणि नातेवाईक खुर्च्यांवर बसून ओळख पटवायची वाट बघत राहिले. पुढच्याच आठवड्यात इथे कुत्र्यांची सौंदर्यस्पर्धा झाली. या गावाला लाज म्हणून नाही.

८ तारीख, शुक्रवार

इथे एक म्हातारा निवेदक आहे. सगळे त्याला 'घसा' म्हणतात. रोज कुलूप लावण्याआधी हे गृहस्थ काचेच्या खोलीत बसून माइकवरून रिकाम्या खुर्च्यांना सांगतात, की कार्यक्रम संपला आहे, सगळ्यांनी घरी जावं. मग दारं सताड उघडी ठेवून सगळे ताटकळत उभे. कुणासाठी? तर म्हणे पुलाच्या वेळी वाट बघणाऱ्यांना उठा म्हणायचं राहून गेलं, तेव्हापासून रोज सांगावं लागतं. मी पोट धरून हसलो आणि त्यालाच घरी पाठवला. जाताना म्हणाला, साहेब, मला काढा, पण सांगणं बंद नका करू. नाटकी मेला!

११ तारीख, सोमवार

सकाळी काही खुर्च्यांच्या बैठका खालीच होत्या. स्प्रिंगा गेल्या असणार. सुताराला झापलं. त्याने एक बैठक उचलून बघितली आणि म्हणाला, कुणीतरी दाबून धरल्यासारखी वाटतेय. काम टाळायला या लोकांना काय काय सुचतं! दुपारी कन्यारत्न झकास खेळली. शेवटी रिकाम्या खुर्च्यांकडे वळून हसली, हात हलवला. कुणाला, विचारलं तर म्हणे, बाबा, एवढे बघायला आलेत ना.

१३ तारीख, बुधवार

खालच्या सगळ्या रांगा भरल्या. म्हणजे बैठका खाली आल्या, असं लिहायचं होतं. सुतार आलाच नाही. भित्रा. मी स्वतः एका बैठकीवर हात ठेवला. ऊबदार होती. उन्हाने असेल.

आत ऊन येतच नाही.

१४ तारीख, गुरुवार

इथे यायचं नाही, असं पोरीला बजावलं होतं. शाळेतून परस्पर आलीच. खेळायला जोडीदार नाही, शटल नाही, तरी रॅकेट फिरवत राहिली. थांब म्हटलं तर म्हणते, थांबले तर ते माझ्यावर रागावतील— हाताला धरून ओढत घरी नेली. मला भीती वाटतेय. लिहून टाकलं एकदाचं.

१५ तारीख, शुक्रवार

घशाकडे गेलो. हात जोडले. म्हणाला, ज्याने बंद केलं त्यानेच सांगायला हवं. आणि आधी आपलं माणूस बाहेर आहे ना, ते बघा, सूचना आत असलेल्या सगळ्यांना लागू होते. मला शिकवतोय! एवढं कळतं मला.

१६ तारीख, शनिवार, दुपार

सगळ्या बैठका खाली. पार छतापर्यंत. पोर शाळेत आहे, बायकोने स्वतः सोडलंय. दारं उघडली, काचेच्या खोलीत आलो आणि सांगितलं— कार्यक्रम संपला आहे, सगळ्यांनी घरी जावं. आवाज चिरकला.

फटक. फटक. खालची रांग उठली— दुसरी— जातायत! देवा, जातायत—

बायकोचा फोन. आज शाळा लवकर सुटली. पोर तुमच्याकडे पोचली ना, विचारतेय—

वरच्या रांगेत पिवळा फ्रॉक. मधोमध. बसलीय.

खोलीचं दार उघडत नाही. बाहेरून कुणीतरी टेकलंय. माइक बंद पडला. काचेवर मुठी मारतोय, ती हसून हात हलवतेय— लिहितोय कारण दुसरं काही— बाळा, तू नको, तू बस—

तिच्या शेजारची बैठक वर गेली. तिने कुणाचा तरी हात धरलाय.

कधी नव्हे ते आज माझं सांगणं ऐकतेय. सगळ्यांनी, असं मीच म्हणालो. ती उठ—