तुझ्या डाव्या हाताला

माय,

काल माझ्या लेकीनं तुझ्याबद्दल एक गोष्ट सांगितली. ती डॉक्टर आहे. तिनं तुला कधी पाहिलंही नाही, आणि तुझं दुखणं मात्र आपल्या सगळ्यांपेक्षा तिला जास्त कळलं, याचा मला जरा रागच आला.

घाटंजीच्या आपल्या स्वयंपाकघरात बसायच्या जागा ठरलेल्या होत्या. चुलीपाशी तू, तुझ्या उजव्या हाताला बाबा आणि दादा, डाव्या हाताला मी, पाण्याच्या मडक्यांजवळ, कारण जेवता जेवता उठून पाणी द्यायचं काम पोरीचं. विदर्भ मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या साली नागपूरला तुझ्या छातीतली गाठ काढली. तू परत आलीस, आत्यानं दृष्ट काढली, आणि पीडा टळली असं सगळे धरून चालले. एक-दोन वर्षं बरी गेली. मग तू सकाळी उठल्या उठल्या डोकं धरून बसायला लागलीस. आत्या म्हणाली, पित्त आहे. त्याच दिवसांत तू मला वाढायचं सोडलंस.

बाबांच्या ताटात गरम भाकर पडते, दादाच्या ताटात पडते, माझं ताट कोरडंच. माझी उजवी वेणी घालतेस आणि फणी ठेवून उठतेस, डावीकडचे केस मोकळेच. आत्या माझ्या कानाशी लागते, "रागावली हाय तुह्यावर. काय केलं तू?" मला काहीच आठवत नाही. शेवटी जागेवरूनच विचारते, "माय, मले काहून नाही वाढत वं?" तू माझ्याकडं वळत नाहीस. उजवीकडं, दादाच्या मागं मला शोधतेस. "अवं, कोठं हायेस तू? जेवाले ये नं."

मला वाटलं, मुद्दाम करतेस. जागा बदलून पाहायचं कोणालाच सुचलं नाही. शेतातला कापूस वेचून व्हायच्या आत तू गेलीस, आणि मी धरून बसले की तू माझ्यावर रागावूनच गेलीस.

लेक म्हणाली, "आई, आजी रागावली नव्हती गं. छातीतला कॅन्सर पुष्कळदा मेंदूत जातो, फुप्फुसातला तर त्याहून जास्त. मेंदूच्या उजव्या भागात गेला, की डावीकडं कोणी असेल हे माणसाच्या मनातच येत नाही." मी मान डोलावली आणि चहा टाकायला उठले. तिला वाटलं, आईच्या मनावरचं ओझं उतरलं.

हे पत्र कुठं टाकायचं नाहीये, म्हणून तुला खरं सांगते. मला तुझा राग चालत होता, माय. मनातल्या मनात तुझी समजूत काढण्यात माझं म्हातारपण आलं. तू रागावली होतीस, म्हणजे निदान मी तिथं बसले आहे हे तुला ठाऊक होतं.