पाखरांनी पांढरा होणारा डोंगर

गुरुजी, तुम्ही थापा मारत नव्हतात. हे आधी लिहून टाकते, मग बाकीचं.

शेळगावच्या शाळेत आम्ही सातवीला होतो. तुम्ही भूगोलाचं पुस्तक मिटायचात आणि फळ्यावर स्कॉटलंडचा किनारा काढायचात. ईस्ट लोदियन नावाचा परगणा, आपल्या इंदापूर तालुक्याहूनही लहान. लाल मातीची रानं थेट समुद्रापर्यंत, कड्यावर पडका किल्ला आणि समोर पाण्यात एकटा डोंगर, उन्हाळ्यात पाखरांनी पांढरा होणारा. चाचणीत तुम्ही विचारलंत, पांढरा कशामुळे? मी लिहिलं, बर्फामुळे. तुम्ही गुण कापलात, माझा पहिला नंबर हुकला. मी घरी असा थयथयाट केला की दुसऱ्या दिवशी माझे वडील वर्गाच्या दारात हजर.

"मास्तर, पाखरांनी कुठं डोंगर पांढरा व्हतो व्हय? बुकात हाय का हे?"

"बुकात नाही, आबा," तुम्ही म्हणालात. माझा पेपर घेतलात, लाल शाईनं गुण परत दिलात. त्यानंतर तुम्ही पुस्तक कधीच मिटलं नाहीत. आणि मी मेली आठवडाभर तोऱ्यात!

पुढं मीही बारामतीत भूगोलच शिकवायला लागले. तो डोंगर दरवर्षी मुलींना सांगते आणि दरवर्षी घाईनं पुढच्या धड्याकडे वळते. मोबाइलवर शोधायचं धाडस होईना. खोटं निघालं तर तुम्ही खोटे, खरं निघालं तर मी पापी.

यंदा जूनमध्ये लेकीकडे गेले. ती एडिनबरात नोकरीला आहे. तिनं हौसेनं मला तिथून जवळच्या नॉर्थ बेरिक या किनाऱ्यावरच्या गावी नेऊन बोटीत बसवलं. तो किल्ला दिसला, ती लाल रानं दिसली. मग बास रॉक, तुमचा तो पाण्यातला डोंगर. आम्ही जवळ जातोय आणि तो पांढरा रंग हलायला लागतो, उडायला लागतो. हजारो पाखरं, गुरुजी! वासानं जीव नकोसा झाला. हे तेवढं तुम्ही सांगितलं नव्हतं. मी वेड्यासारखी हसत सुटले.

"आई, अगं काय झालं?"

"माझं उत्तर चुकलं होतं," मी म्हटलं. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

आता हे पत्र टाकू कुठं? तुम्हाला जाऊन वीस वर्षं होऊन गेली. मग एवढंही कबूल करते. डोंगर लांबून पांढरा दिसला तेव्हा मी लेकीला बोटवाल्याकडे पाठवलं होतं, नक्की पाखरंच आहेत ना, विचार म्हणून. तिथंही माझा तुमच्यावर भरवसा नव्हता.